चांगल्यातला च

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बाईंची बत्तीस वर्षं गेली. रोज पाच-सहा बाळं त्यांच्या पेनातून कागदावर यायची, आणि नावं म्हणाल तर तीच ती. म्हणून स्वतःची वेळ आली तेव्हा रजिस्टरात आजवर न आलेलं नाव ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्याआधी दोनदा दिवस राहून कूस रिकामी झाली होती. तिसऱ्या खेपेला पोटात पहिल्यांदा काही हललं आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चाहूल लागली बरं का."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग काढून तो म्हणाला, "मुलगी झाली तर हेच नाव ठेवू."

मुलगीच झाली. बाईंनी स्वतःच्या हाताने नोंद केली: चाहूल. सासूबाईंनी नाक मुरडलं, शेजारणीने "टोपणनाव असेल" म्हणून सोडून दिलं. खरी पंचाईत शाळेत झाली. तिथल्या शिक्षिकेने हजेरी घेताना चहातला च लावला, आणि संध्याकाळपर्यंत वर्गाने पोरीचं 'चहा' करून टाकलं. साखर किती, दूध किती, रोज नवा विनोद. बाई दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन थडकल्या. "चांगल्यातला च आहे तो," असं बजावून त्यांनी सगळ्या वर्गाकडून नाव तीनदा म्हणवून घेतलं. मुलगी बाकावर मान खाली घालून बसली होती. त्यानंतर चिडवणं दुप्पट झालं. ते बाईंना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

अठरा पूर्ण झाल्यावर आठवडाभरात मुलगी आईच्याच खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. हातात नाव बदलण्याचा अर्ज. दोन अक्षरी नाव निवडलं होतं, कुठल्याही वर्गात चार मुलींचं असतं तसं.

"ओळखपत्र?" बाईंनी विचारलं.

मुलीने ते पुढे सरकवलं. बाईंनी शिक्का मारला. मात्र त्या दिवसापासून बाई तिला नुसतं "अगं" म्हणू लागल्या. जुनं नाव तिने टाकलेलं, नवं यांच्या तोंडात बसेना. पुढे वडील वारले, मुलीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, तरी "अगं" काही सुटलं नाही.

नाव बदलल्यावर आठ वर्षांनी टीव्हीवर एक मालिका आली. तिच्या नायिकेचं नाव चाहूल, पण चहातल्या च ने. बघता बघता खिडकीवर चाहूलींची रीघ लागली. एका बापाला बाईंनी हळूच उच्चार सांगून पाहिला. तो हसून म्हणाला, "अहो, मालिकेत असंच म्हणतात." त्यांनी नाव लिहून घेतलं.

मुलीचा फोन आला. "आई, माझं नाव आता फॅशनमध्ये आलंय म्हणे. परत घेऊ का?"

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, हे बाईंना कळेना. मनात "घे ना" आलं होतं, पण त्या म्हणाल्या, "बघ बाई, तुझं तू ठरव."

दोन वर्षांनी मुलगी इथल्याच इस्पितळात रक्ताच्या आजाराने गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. तोवर मालिकाही संपली होती आणि ते नावही ओसरलं होतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी जावई मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीपाशी बसला असताना म्हणाला, "शेवटी शेवटी ती सारखी सांगायची, आई मला नावाने हाकच मारत नाही. असं का हो?"

जावयाला इतकंच दिसलं की त्यांनी पेनाचं टोपण घातलं, काढलं, परत घातलं.

त्यांनी साहेबांकडे अर्ज केला आणि शेवटची तीन वर्षं जुन्या रजिस्टरांच्या खोलीत काढली. तिथे धूळ होती, पण कोणी मोठ्याने नावं सांगत नव्हतं. आता त्या निवृत्त आहेत. जावई महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दोघं जेवतात आणि तिच्याबद्दल बोलतात. तो तिचं ते दोन अक्षरी नाव घेतो. सुरुवातीला बाई नुसत्या "ती" म्हणत. मग एकदा भाजी वाढता वाढता त्यांच्या तोंडून ते नाव निघून गेलं. जीभ अडखळली, डोळे भरून आले. जावई खाली मान घालून जेवत राहिला.

आता त्या ते नाव घेतात. एकट्या असल्या तरी.