बचतीचा रकाना

स्टाफरूममधले किस्से कोणी जमवत बसत नाही. वह्या तपासता तपासता एक सांगतो, दुसरा भर घालतो, आणि वर्षभरात पोतंभर होतात. आमच्या हिंदी-मराठी सरहद्दीवरच्या गावातल्या, लालबागच्या शाळेतले निम्मे किस्से होम लोनचे आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत मी आहे. मी गणित शिकवतो. नव्या बँकेचा व्याजदर कमी निघाला की जो तो जुनी फाइल घेऊन माझ्याकडे यायचा, "सर, लोन ट्रान्सफर केलं तर परवडंल का?" मी कोऱ्या पुरवणीवर दोन रकाने आखायचो, एक खर्चाचा, एक बचतीचा. मला ते फार आवडायचं. आता वाटतं, तेव्हाच हात जोडायला हवे होते.

*

हिंदीच्या वानखेडे मॅडम 'प्रोसेसिंग फी झीरो' वाचून लोन बदलायला निघाल्या होत्या. मग वकिलाची फी आली, घराच्या व्हॅल्युएशनची आली, स्टॅम्पचा खर्च आला. मॅडम नव्या बँकेच्या एजंटला म्हणाल्या, "ये कैसा झीरो है भैया?"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, प्रोसेसिंग फी तो झीरोच है. ये तो बाकी के चार्जेस हैं."

"म्हणजे जेवण फुकट, पत्रावळीचे पैसे द्या!" मॅडमनी फाइल मिटली.

*

पीटीच्या पवार सरांना मी म्हटलं, आधी जुन्या बँकेत जाऊन सांगा की मी चाललो. ते गेले. मॅनेजरनं एका फॉर्मवर सही घेतली, थोडी फी घेतली आणि दहा मिनिटांत दर कमी करून दिला.

पवार सर खूश व्हायचे तर भडकले. "मंग चार वर्षं जास्तीचं कायले घेतलं?"

मॅनेजर म्हणाला, "सर, आपने पूछा ही नहीं."

त्या दिवशी पवार सरांनी मैदानाला स्वतःच चार चकरा मारल्या.

*

भूगोलाचे चौधरी सर माझे खरे मित्र; त्यांच्या बायको सुनंदावहिनी मला भावजी म्हणायच्या. सर जसोंडी गावच्या केळी पिकवणाऱ्या घरातले, पण नोकरीवर लोन काढून शाळेजवळ दोन खोल्या बांधल्या होत्या. नव्या बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला. सुनंदावहिनींनी त्याला पोहे दिले. त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या, कागदावर आकडा टाकला.

सरांनी विचारलं, "पेरूचं झाड धरलं का?"

"झाड नाही धरत, सर."

"अरे, आम्ही दिवसभर त्याच्याच खाली बसतो. खोल्यांत कोण बसतं?"

*

चौधरी सरांचाही कागद मीच केला. सगळे चार्जेस खर्चात लिहिले, तरी ट्रान्सफर जेमतेम परवडत होतं. मग मला जुन्या लोनचा विमा दिसला. कर्ज घेणारा गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडणार, अशी पॉलिसी होती. ती तोडली तर थोडे पैसे परत मिळत होते. ते मी बचतीच्या रकान्यात टाकले आणि रकाना एकदम भरला.

चौधरी सर म्हणाले, "हा विमा राहू द्यायचा का? नाहीतर नव्या बँकेचा घ्यायचा का?"

"खर्च कशाला वाढवता? तुम्हाला काय झालंय?"

गणिताचा मास्तर मी. जे जातं ते खर्च, जे येतं ते बचत, एवढंच मला दिसलं. परत आलेल्या पैशांतून सरांनी स्टाफला आमच्याकडची खव्याची मावा जलेबी खिलवली. मी दोन घेतल्या.

पाच महिन्यांनी ते शाळेला निघाले आणि घराच्या पायरीवर छातीत कळ येऊन गेले.

तेरावा झाल्यावर वहिनी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. मी केलेला कागद सरांनी सर्वांत वर लावून ठेवला होता. मला तो हातात घेता येईना. हप्ते अजून किती राहिले, तेवढं त्यांना विचारायचं होतं. मी मोजून सांगितलं. अकरा वर्षं.

त्यांनी मान हलवली. फाइल पिशवीत घातली. मग उठता उठता म्हणाल्या, "जुन्या बँकेतला माणूस सांगत होता, ती पॉलिसी तोडली नसती तर आज घर मोकळं झालं असतं. मी त्याले म्हटलं, काहीतरीच काय बोलता. तसं असतं तर आमच्या भावजींनी सांगितलं नसतं का?"