पेटीत ठेवलेला दाखला

मी तिसरीपर्यंत शिकलो, पण आकड्यांत मला कुणी अडवलेलं आठवत नाही. म्हणून थोरली लेक आठवीत गेली तरी सातात पाच मिळवायला बोटं चाचपायची, तेव्हा मला आधी राग आला, मग लाज वाटली. बाकी पोर हुशार. धडा एकदा वाचला की तोंडपाठ.

आम्ही चिंचणीचे, मासळीवाले. थंडीत वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घालायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. लेकीचा हात गल्लीत सगळ्यांत जलद. किती टाकले विचारलं की गप्प. मला वाटलं, लहानपणापासून जोडीलाच एक धरून बसली, तिथे घोळ झाला. म्हणून एक अख्खा हिवाळा मी तिला एकेक बोंबील टांगायला लावलं. एकटा बोंबील दोरीवर राहतो काय? सरकून वाळूत. मग मी शेपटीला सुतळी बांधून द्यायला लागलो.

शेजारची म्हातारी बोलली, "काय रे, आता बोंबलांना पण सोडचिठ्ठी दिलीस?"

गल्ली हसली. मी हटलो नाही. हिवाळा सरला, माझी कंबर गेली, आणि पाढा होता तिथेच राहिला. चुकला की छडी, ही माझी रीत. तीही चालूच.

नववीत शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी चिठ्ठी देऊन आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तीन खेपा झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर मठ्ठ नाही, आळशीही नाही. कुणाला डोळ्यांनी कमी दिसतं तसं हिला आकड्यांचं कमी उमगतं, मारून ते येणार नाही. लेक माझ्याकडे बघत होती. मी फरशीकडे बघत बसलो.

त्यांनी दाखला दिला. तो शाळेत दिला की दहावीला खालच्या वर्गाचं सोपं गणित आणि जोडीला दुसरा विषय घेता येणार होता. नियम नवा होता. येताना गाडीत मी तो एकेक अक्षर लावून वाचला. 'अक्षमता' लिहिलं होतं. माझ्या लेकीच्या नावापुढे असला शब्द मला सोसेना. बोईसरला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

बायकोला सांगितलं, शाळेत दिला. शाळेत सांगितलं, अजून आला नाही. आणि दाखला पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवला. वर्षभर होडी किनाऱ्याला लागली की अंगावरचं खारं पाणी न धुता मी लेकीला उदाहरणं घालायला बसायचो. मला वाटायचं, जिद्दीने होतं सगळं. ती मान खाली घालून लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. शेवटी शेवटी दोघंही नुसतेच वहीकडे बघत बसायचो. ओरडायचं बळ माझ्यातही उरलं नव्हतं.

निकाल लागला. सगळ्या विषयांत चांगले मार्क, गणितात नापास. बायको म्हणाली, "दाखला दिला ना तुमी? मग असा कसा झाला?" मी जाळं उचलून किनाऱ्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. लेक दारात उभी होती.

"बाबा, मला ठाव होता," ती म्हणाली. "कागद पेटीत हाय, ते."

"मग बोलली का नाय?"

"वाटला, तुमीच एक दिवस नेऊन द्याल."

मी सदरा घातला आणि शाळेत गेलो. हेडमास्तरांनी तारीख वाचली आणि विचारलं, दाखला एवढा उशिरा का आणला. आजवर मी कुणाला जाब दिला नव्हता. त्या दिवशी दिला, खरा तो दिला. त्यांनी सोप्या गणितासाठी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म पुढे सरकवला, मी सही केली.

ऑक्टोबरला लेक पास झाली. माझी चूक झाली, असं मी तिला कधी बोललो नाही, आणि तिने विचारलंही नाही. पुढच्या जूनमध्ये ती बोईसरला अकरावीत गेली. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. एसटीत तिच्या शाळेच्या वर्गातल्या जुन्या मैत्रिणी होत्या, सगळ्या हसत-बोलत बसल्या. कॉलेजच्या फाटकात त्या बारावीच्या वर्गाकडे वळल्या. ही थोडा वेळ तिथेच थांबली, मग एकटी दुसऱ्या बाजूला गेली.