बंपरवरचा आहेर

बंपर मोटारीला धक्क्यापासून वाचवतो, असं म्हणतात. आमच्या बंपरनं अख्खी मोटारच घालवली, तीही उभ्या जागी, भर मांडवात.

मोटार म्हणजे आमच्या ह्यांची जुनी अँबेसिडर. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, ह्यांनी ही गाडी केली. तेव्हापासून आर्वीतल्या आमच्या घरात दोन संसार आहेत. एक माझा, तो आपोआप चालतो असा सगळ्यांचा समज आहे. दुसरा ह्यांचा, तो ढकलावा लागतो. सकाळचा चहा झाला की हे फडकं घेऊन शेडमध्ये जातात आणि त्या गाडीशी जितक्या मऊ आवाजात बोलतात, तितक्या मऊ आवाजात माझ्याशी लग्न नवं असतानाही बोलले नव्हते. (मी दाराआडून ऐकलं आहे. "आज बरं वाटून राह्यलं ना?" असं विचारत होते. कार्बोरेटरला.)

माझी नणंद सुशीलाबाई आंजीला असते. तिची पोरगी पल्लवी फ्रॉक घालायची त्या काळात ह्यांनी तिला शब्द दिला होता, "बाई, तुई बिदाई याच गाडीतून." मोठी माणसं असले शब्द देतात आणि विसरतात. पोरी विसरत नाहीत. केळझरचं स्थळ ठरलं त्याच दिवशी तिचा फोन आला.

"मामा, गाडी तयार ठेवजो हं. मी दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नाई."

झालं. ह्यांना जेवण जाईना. इंजिनाचं ते स्वतः पाहून घेणार होते, पण गाडीच्या तोंडाचं काय? पुढचा बंपर गंजून त्याला खरजेसारखे पोपडे आलेले. समोरच्या जाळीवर चट्टे, दिव्यांच्या कड्या काळ्या, चाकांवरच्या ताटल्या तर कोंबड्यांनी पाणी प्यायला नाकारावं अशा. नवरीला सासरी न्यायला नव्हे, भंगारात नेऊन टाकायला गाडी काढली आहे, असं कुणालाही वाटलं असतं.

"सगळ्याले नवीन क्रोम चढवून घेतो," हे म्हणाले.

मग आम्ही नागपूरला प्लेटिंगवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ स्वतःला क्रोमचा डॉक्टर म्हणवतो. दवाखाना म्हणजे एक अंधारी खोली. आत नाक झोंबवणारा ॲसिडचा वास, हिरव्या-निळ्या पाण्याच्या टाक्या, आणि भिंतीला टेकवलेले पन्नास जणांचे बंपर, एकावर एक, ओपीडीतल्या पेशंटसारखे.

"काकाजी, पुराना क्रोम उतारेंगे, ठोकके सीधा करेंगे, बफ मारेंगे. फिर तांबा, फिर निकेल, तब जाके क्रोम," डॉक्टर म्हणाला. सत्यनारायणाची पोथी सांगावी तसं सांगत होता. हे हात जोडून ऐकत होते.

मी विचारलं, "इतके बंपर पडून राह्यले, कोणाचा कोणता हे समजते कसं तुमाले?"

"माताजी, मैं बंपर का चेहरा पहचानता हूँ."

एवढ्या वेळात ह्यानं आमचं नाव तीनदा विचारलं होतं. माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही आणि बंपरचा राहतो म्हणे! आमचा बंपर जाणार आणि कुणाचा तरी कुजका आमच्या गळ्यात पडणार, हे मी तिथंच ओळखलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. आमच्याकडून वस्तू उंबऱ्याबाहेर जाते ती नाव घेऊनच. मयतीच्या घरी पिठलं न्यायचं पातेलं असो की हळदीकुंकवाला दिलेलं ताट असो, काठावर नाव हवं. नाव नसलेलं भांडं परत येत नाही, आणि आलं तर दुसऱ्याचं येतं. आमचे चमचेसुद्धा नावाचे आहेत. मग बंपरनंच काय घोडं मारलं होतं?

भांड्यांच्या दुकानापुढे गजूभाऊ नावं घालायला बसतो. बाकीच्यांनी मशीन घेतलं, हा अजून छिन्नी-हातोडीवरच. पल्लवीच्या आहेराची भांडी त्याच्याकडेच टाकली होती. हे गाडीखाली झोपून नटबोल्ट काढत होते तेवढ्यात मी ऑटोत बंपर, जाळी, ताटल्या घातल्या आणि गजूभाऊपुढे नेऊन ओतल्या.

"काकू, ही कोणती भांडी होत?"

"गाडीची होत. नाव घाल."

"काय घालू?"

"त्या परातीवर घातलं तेच घाल. आमचं नाव आलं म्हंजे झालं."

"मांगून घालू का सामोरून?"

"मांगून कोण पाह्यते? चोराले दिसलं पाह्यजे."

"अन् खोल का उथळ?"

"खोल. ते लोक घासतात. गेलं नाई पाह्यजे."

परातीवर मजकूर होता, ‘चि. सौ. कां. पल्लवी हिस मामा-मामी, आर्वी यांजकडून सप्रेम भेट’. त्यात मामा-मामी होतं, आर्वी होतं. चोराला एवढा पत्ता पुरे, असा माझा विचार. मी आत जाऊन डब्याच्या झाकणावरून दुकानदाराशी वाद घालत बसले. बाहेर गजूभाऊनं डोकं वापरलं. वस्तू मोठी म्हणून अक्षरही मोठं काढलं. पुढचा बंपर भरला, मग त्याला जोर चढला आणि ताटल्यांवरही गोल फिरवून घातलं. गंजलेल्या पत्र्यावर ते धड दिसतही नव्हतं. मी पोत्यात भरून तोंडं शिवली आणि ह्यांना सांगितलं, "तुमचं सारं मी बांधून ठेवलं." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "तुले गाडीची किंमत समजून राह्यली हळूहळू."

पोती नागपूरला पोचल्यावर मधेच डॉक्टरचा फोन आला. तो मीच घेतला.

"माताजी, बंपरपे कुछ लिखा है. मिटा दूँ?"

"मिटवता कायले? एक अक्षर गेलं ना, तर बंपर तुमच्या दारात आणून आपटीन."

"नहीं नहीं, चमका के रखता हूँ."

चमकवून ठेवलं मेल्यानं. एरवी कुणाचं ऐकत नसेल, माझं ऐकलं.

माल आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी, नखशिखान्त कागदात गुंडाळून. बोटांचे ठसे उमटतात, कागद मांडवातच काढा, असा डॉक्टरचा निरोप होता. ह्यांनी तो शब्दशः पाळला. कागदासकट सगळं बसवलं, गाडी आंजीला नेली, मांडवाच्या तोंडाशी उभी केली आणि आता कागद फाडणार, तोच आतून हाका सुरू झाल्या. नवरीला मामानंच बोहल्यावर आणायचं असतं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभंही राहायचं असतं. हे धावले. कागद फाडला तो केळझरच्या वऱ्हाडानं.

लग्नाला आलेल्या माणसाला लग्न सोडून सगळं पाहावंसं वाटतं. तिथं नुसती झुंबड. बंपर असा लखलखत होता की पुरुष त्यात पाहून टोप्या सरळ करत होते आणि बायका दात तपासत होत्या. नवऱ्या मुलाचे वडील बापूराव मिशीला पीळ द्यायला वाकले, आणि त्यांना आपल्या हनुवटीवर ‘सप्रेम भेट’ दिसलं. त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळं वाचलं. चाकापाशी उकिडवं बसून ताटलीवरचं गोल गोल मान फिरवत वाचलं. मग उपरण्यानं डोळे पुसले.

"अशी माणसं राह्यली नाई आता," ते म्हणाले, आणि थेट माइककडे गेले.

आमच्याकडे मंगलाष्टकं संपली की आहेर माइकवरून पुकारतात. मावशीकडून मिक्सर, आत्याकडून गादी, असं चाललं होतं. मी परात घेऊन नंबर लावून उभी होते. तेवढ्यात भोंग्यातून आलं, "नवरीच्या मामा-मामीकडून, आर्वी, अँबेसिडर मोटारगाडी!"

टाळ्या. बँडवाल्यानं न सांगता एक तुकडा वाजवला. सुशीलाबाई येऊन माझ्या गळ्यात पडली. "वैनी, तुमचं मन एवढं मोठं होय, मले माहीत नव्हतं."

मलेही नव्हतं.

हे अक्षता झटकत गाडीपाशी आले. बंपर वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुमन, हे कोणं घातलं?"

"गजूनं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी परातीकडे पाहू लागले. ह्यांनी ‘चूक झाली’ एवढं म्हटलं असतं, तर गाडी वाचली असती. पण माझ्या नणंदेच्या दारात, तिच्या नव्या व्याह्यांपुढे, आपली गाडी आपल्याच बायकोच्या शहाणपणानं दिली गेली, असं हे कसं सांगणार? तेवढ्यात पल्लवी ह्यांच्या पाया पडली. हुंदके देत म्हणाली, "मामा, तू तं नुसतं बिदाईचंच म्हटलं होतं ना रे."

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून किल्ली काढून तिच्या ओंजळीत घातली आणि म्हणाले, "सकाळी चोक थोडाच ओढजा." बस. एवढंच बोलले.

आम्ही परत आलो ते एसटीनं. साऱ्या रस्त्यात ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता.

इतकी वर्षं मी त्या शेडवर डोळा ठेवून होते. उन्हाळ्यात पापड घालायला अशी सावली आर्वीत दुसरी नाही. आता शेड मोकळी होती. पण सकाळी चहा झाला की हे फडकं घेऊन जायचे आणि जमिनीवरच्या ऑइलच्या डागापाशी उभे राहायचे. मी एक पापड घातला नाही. पीठ मळलं होतं, ते तसंच खाऊन टाकलं.

"मांगून घ्या ना परत," मी म्हटलं.

"नाव घालून देल्लेलं मांगते का कोणी?" हे म्हणाले.

महिनाभरात केळझरहून बापूरावांचा फोन. सारं खानदान गाडीत कोंबून ते गणपतीच्या टेकडीला निघाले होते. गाडी चढावरच बसली.

"मामासाहेब, हे चालू काऊन होत नाई?"

ह्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "पह्यले बोनेट उघडा. आता तिच्याशी जरा बोला."

"काय बोलू?"

"बरं वाटून राह्यलं का, म्हणा."

मग असे फोन रोजचेच झाले. बापूरावांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. "तुमी दिलदार हा मामासाहेब, पण..." इथवर यायचे आणि थांबायचे. त्यांना परत देता येईना, आम्हाला परत मागता येईना, आणि गाडीला तिथं जागचं हलता येईना.

दिवाळीनंतर ह्यांची पंचाहत्तरी झाली. ती पल्लवीनंच ठरवली. आर्वीत, आमच्याच अंगणात, आणि अर्थात माइक लावून. केळझरची मंडळी गाडी घेऊन आली. म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत गाडीनं त्यांना आणलं, पुढे त्यांनी गाडीला. घामेजलेल्या बापूरावांनी आल्या आल्या माइक ओढला.

"आमच्याकडून मामासाहेबांले, पंचाहत्तरीनिमित्त, मोटारगाडी!"

हे इतक्या झटक्यानं उठले की शाल खाली आणि श्रीफळ घरंगळत मोरीत. गाडीभोवती फिरले आणि मागच्या बंपरपाशी थबकले. तिथं कोरलं होतं, ‘श्री. मामासाहेब, आर्वी यांस व्याही, केळझर यांजकडून सप्रेम भेट’. बिनानावाची वस्तू त्यांच्याकडेही देत नाहीत. पंगतीत गजूभाऊ जेवत होता. मला पाहून हात वर करून म्हणाला, "काकू, केळझरला जाऊन खोलच घातलं बरं का. तुमच्यासारखं."

डॉक्टरला फोटो पाठवून विचारलं, हे पुसता येईल का. तो म्हणाला, "काकाजी, अक्षर हड्डी तक गया है."

त्यामुळे आता आमची गाडी समोरून पाहिली तर पल्लवीला दिलेली आहे आणि मागून पाहिली तर आम्हाला मिळालेली आहे. बाजारात लोक समोर वाकून वाचतात, मग वळसा घालून मागे जातात, आणि शेवटी खिडकीतून आत माझ्याकडे बघतात. हे सकाळी पुन्हा शेडमध्ये जातात, कार्बोरेटरची तब्येत विचारतात. माझ्याशी मात्र हल्ली जरा जपून बोलतात, मी त्यांच्यावरही काही कोरून घेईन अशा भीतीनं.

ते काही असो. प्लेटिंगवाल्यानं बंपर बदलू नये म्हणून मी नाव घातलं होतं. गाडी गेली, आली, पण सांगते, बंपर काही कुणी बदलला नाही.