कानावरच्या चिनी बिया

चौदा वर्षं रात्रपाळी केल्याने माणसाच्या डोक्याचं काय होतं, हे मला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. आता आठवत नाही.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी रात्री माग सांभाळतो. एकदा सकाळी घरी आलो, चपला काढल्या, ओट्यावरचा चहा प्यायलो आणि आडवा झालो. उठवायला शेजारच्या काकू आल्या, कारण घर त्यांचं होतं! (चहा चांगला लागला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) बायको मात्र हसली नाही. माझे वडील, आप्पा, वर्षभरात एकेकाला विसरत चालले होते आणि मला तर ओळखतच नव्हते. ती एवढंच म्हणाली, "आप्पांचं सुरू हायच, आता तुमचंबी?"

तिने मला चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. बाईंनी माझ्या दोन्ही कानांवर मोहरीएवढ्या काळ्या बिया चिकटपट्टीने लावल्या. दिवसातून चारदा दाबायच्या, डोकं तरतरीत राहतं, आठवडाभर काढायच्या नाहीत, असं सांगितलं. वर झोप पुरेशी घ्या म्हणाल्या. (ती मिळत असती तर बाईंकडे कशाला गेलो असतो!)

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो, तर कान रिकामे. मला वाटलं, मीच काढल्या आणि विसरलो. पुन्हा लावून आणल्या, पुन्हा गायब. मी झोपेत बिया खातो की काय, अशी बायकोला शंका येऊ लागली. शेवटी तिसऱ्या खेपेला मी नुसतं झोपेचं सोंग घेतलं.

आप्पा आले आणि उशाशी बसले. मंद्रूपच्या शेतावर उभा जन्म बैलांमागे घालवलेला माणूस. त्यांनी माझा कान धरला, नखाने अलगद एक बी उपटली आणि पुटपुटले, "लई गोचिडी झाल्यात रं, सर्जा."

सर्जा त्यांचा बैल. मी शाळेत असतानाच तो गेला.

मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. न राहवून विचारलं, "आप्पा, मी कोण?"

बैल बोलतोय याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. "सर्जा की," म्हणाले आणि माझ्या मानेवरून हात फिरवू लागले.

लहानपणी आप्पांनी मला असं कधी कुरवाळलं नव्हतं. त्यांची सगळी माया गोठ्यातच संपायची. मी तुमचा मुलगा, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते त्यांना पटलं असतं, तर हात थांबला असता. म्हणून मी मुकाट्याने कूस बदलली आणि दुसरा कान पुढे केला.