सुनंदा चुरी आणि बाकीचं सगळं

त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जाता येत नसे. बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात ती एकच खोली थंड होती. देवघरात शिरावं तसे सगळे दाराबाहेर पायताणं काढून आत जात, त्यामुळे आत कोण आहे ते दार न उघडताच कळायचं. साहेबांचे चकचकीत बूट, स्टोअरवाल्याच्या रंगाने निळ्या पडलेल्या स्लीपर, आणि भिंतीला नीट टेकवून ठेवलेले काळे सँडल. ते सँडल आमच्या प्रोग्रॅमरचे. एका सोमवारी त्या जागी बायकांच्या चपला दिसल्या. साध्या, तपकिरी, नव्याकोऱ्या. त्या खोलीत बाईमाणूस कोणी कामाला नव्हतं. दुपारपर्यंत सबंध ऑफिसने काही ना काही निमित्त काढून त्या दारावरून चक्कर मारली. मी अकाउंट्समधली, मला निमित्तांची काय कमी?

आत सुनंदा चुरी बसली होती. शनिवारपर्यंत ती ते काळे सँडल घालून यायची आणि आम्ही तिला दुसऱ्या नावाने ओळखत होतो. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते तिला कधीच मानवलं नव्हतं. अंगात फिकट हिरवा पंजाबी ड्रेस, केसांना रबर बँड. केस ती वर्षभर वाढवत होती आणि आम्ही शहाणे त्याला नाटकाचा नाद समजत होतो. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मीना, स्टॉकचा कागद ना? छापतोय अजून. बस जरा." मी बसले. प्रिंटर करकरत होता. कागद हातात पडल्यावर मी "थँक्यू" म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर सगळे माझ्याभोवती जमले. मी सांगितलं, कागद बरोबर आहे.

सुनंदा माकुणसारची. केळी, नारळ, पानवेली असलेल्या वाडीवाल्यांच्या घरातली. मुंबईत शिकली, तिथेच दोन-तीन वर्षं नोकरी केली आणि परत आली. सफाळ्याला गाडी पकडायची, बोईसरला उतरून कंपनीच्या बसने कारखान्यात यायचं. मी पालघरला त्याच गाडीत चढायचे. शिकलेली असूनही साहेबांसमोर तिची बोली बदलत नसे. मधूनमधून ती सुट्टी घेऊन मुंबईला डॉक्टरांकडे जायची. तो तपशील तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. घरच्यांचं मात्र एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाबा बोलत नाय. आई डबा देते. सध्या इतकं चालतंय." अर्धवट जमलेल्या प्रोग्रॅमबद्दलही ती हेच म्हणायची. 'सध्या इतकं चालतंय.' त्यात तक्रार नसे, आणि तिथे थांबायचा विचारही नसे.

तिचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "काय वाटतं ते नको, काय झालं ते सांग." डिस्पॅचचा माणूस घाईघाईने यायचा, "मशीन बिघडलंय असं वाटतं." हिचं वाक्य तयार. मग तो बापडा आठवून आठवून सांगायचा, कोणतं बटण दाबलं, पडद्यावर काय आलं, आणि सांगता सांगता स्वतःची चूक स्वतःलाच सापडून कपाळाला हात लावायचा. ती हसायची नाही. एखाद्याची फजिती झाली की मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसायची. मला तिची ही गोष्ट फार आवडायची. आम्ही बाकीचे असली संधी सोडणारे नव्हतो.

लोकांची पंचाईत झाली ती हाक मारायची. 'सर' म्हणावं तर समोर ओढणी, 'मॅडम' म्हणायला जीभ रेटेना. शेवटी अर्ध्या ऑफिसने तिला 'कॉम्प्युटर' म्हणायला सुरुवात केली. "कॉम्प्युटरना विचारा", "कॉम्प्युटर आज रजेवर आहेत". मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. ते म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल आमची काही हरकत नाही. बाकीचं तुमचं तुम्ही बघून घ्या." ती बरं म्हणाली. पण दिवसातले आठ तास काढायचे तर हे 'बाकीचं' म्हणजे काय कमी असतं? बसमध्ये कुठे बसायचं, हात धुवायला कुठल्या दाराने जायचं, आणि जेवायचं कुठे.

आमच्या कॅन्टीनमध्ये आधी बायकांची पंगत व्हायची, मग पुरुषांची. आमच्या पंगतीत ती एकदा डबा घेऊन आली, तर दोन-तीन बायका ताट उचलून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. पुरुषांत बसायला ती तयार नव्हती. बरोबरच होतं, एवढा जीव पणाला लावून परत तिथेच जाऊन बसायचं? ती कुठे जेवते हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं उंदरामुळे. एका सकाळी डिस्पॅचचा पडदा काळा झाला. मालाची चलनं निघेनात, ट्रक फाटकाशी उभे राहिले, ड्रायव्हर हिंदीतून कारखान्याचा उद्धार करू लागले. इलेक्ट्रिशियनने कॉम्प्युटरच्या खोलीतली लाकडी जमीन उचकटली. खाली केबल कुरतडलेली, शेजारी प्रिंटरच्या कागदाच्या चिंध्यांचं उंदराचं घर, आणि त्यात सुक्या बोंबलाचे काटे. जिथे पाण्याचा पेला नेता येत नसे, तिथे बोंबील! खोलीच्या दारावर 'आत खाण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. ती सुनंदानेच रंगवलेली होती.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. दोष कुणाच्या गळ्यात घालायचा याची कुजबुज सुरू होण्याआधीच ती पुढे झाली. "साहेब, बोंबील माझे. आई देते. काय झालं ते सांगते. पयल्या पंगतीत मला बसू देत नाय. दुसऱ्या पंगतीत मी बसत नाय. म्हणून दार लावून आत जेवते. काटे मी कागदात बांधून टोपलीत टाकायची, तिथून उंदराने नेले. चूक माझी. केबल मी आजच बदलून घेते." आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मला मात्र तिच्या आईचा तो डबा डोळ्यांसमोर आला.

साहेब चुळबुळले. म्हणाले, "तुमच्यासाठी कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात एक वेगळं टेबल टाकू या."

"वेगळं नको, साहेब. मग ही खोली काय वाईट हाय? थंड तरी हाय."

तेव्हा पार्वतीमावशी बोलली. पॅकिंगची मुकादम, डोंगराकडच्या आदिवासी पाड्यावरून रोज येणारी, आवाज असा की मशीन बंद करायची गरज नाही. "उंदराला कारखान्यात जेवाया जागा हाय, आन् हिला नाय? उद्या बायकांत बस गं. कोन उठतंय ते मी बगते."

दुसऱ्या दिवशी सुनंदा आमच्या पंगतीत बसली. कोणी उठलं नाही, मावशी बघत होती ना! हळूहळू बोंबलाची चटणी या ताटातून त्या ताटात जाऊ लागली. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. सुनंदाला तसं वाटत नव्हतं. आमच्यात एक रीत होती. रोज एकीने माठातून जग भरून आणायचा आणि सगळ्यांचे पेले भरायचे. जिचा तिचा वार ठरलेला. सुनंदाला वार कोणी दिला नव्हता. ती उठायला लागली की कुणीतरी लगबगीने म्हणायचं, "तुम्ही बसा हो, तुम्ही कशाला?" किती आदराने! गाडीत ती मला म्हणाली, "पाव्हण्याला उठू देत नाय, मीना. मी पाव्हणी हाय अजून."

मी म्हटलं, "अगं, त्यांना तसं वाटत नसेल."

"काय वाटतं ते नको. माज्या हातचं पाणी अजून कोणी प्यालेलं नाय. हे झालंय."

तिचं बरोबर होतं. जेवायला शेजारी बसणं निराळं आणि हातचं पाणी पिणं निराळं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पुढे पावसाळ्यात मंगळवारची बाई बाळंतपणाला गेली आणि जग टेबलावर रिकामाच राहिला. सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होत्या. सुनंदा कुणाला न विचारता उठली, जग भरून आणला आणि एका टोकापासून पेले भरत गेली. कोणी नको म्हटलं नाही, पण पेल्याला हातही लावला नाही. घास कोरडेच गिळले जात होते. मी माझा पेला उचलला, पण मी तिची मैत्रीण, माझं पिणं काय मोजायचं? मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "मी पयल्यांदा हितं आले तवा माज्या हातचं पानी कोन पीत होतं गं? आठवा जरा." आणि पेला तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. मग सुनंदाकडे वळून खेकसली, "कोमट हाय! वरच्या पिंपातलं आनलंस व्हय? माठ दिसला नाय? जा, दुसरं आन."

सुनंदा जग घेऊन जवळजवळ धावतच गेली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. त्या दिवशी गाडीत, पालघर यायला आलं तेव्हा म्हणाली, "मीना, आज मला सगळ्यांदेखत ओरडा मिळाला." तिला एवढं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मंगळवार तिचा झाला, तो ती पुण्याला मोठ्या नोकरीवर जाईपर्यंत. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. तिचे प्रोग्रॅम, तिची शिस्त, कारखान्याची प्रगती, सगळं त्यात होतं. नारळ दिला, शाल दिली. सुनंदा सरळ उभी राहून ऐकत होती. टाळ्या थांबल्यावर मागून पार्वतीमावशीचा आवाज आला, कुरकुरल्यासारखा, "समदं खरं साहेब, पन आता मंगळवारचं पानी कोन आनील?"

एवढ्या वर्षांत सुनंदाला चारचौघांत रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.