उपवासाच्या दिवशी मी नीट जेवायचे

मिरजेच्या स्टेशनवर गाडी यायला अवकाश होता, म्हणून बाबांनी मला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं, काचेआड चक्र फिरणारं यंत्र. नाणं टाकलं की खडखडाट होऊन पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझा स्वभाव उदार असून मला परदेशगमनाचा योग आहे, असं त्यावर छापलेलं होतं. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आकडा वाचला, तिकीट पाकिटात घातलं आणि म्हणाले, "दिवाळीच्या आधी मी बडोद्याला येतो. याच्यापेक्षा कमी भरलीस, तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर परत यायचं. नोकरी गेली खड्ड्यात."

आईनं पिशवीत धपाटे, दाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू भरले होते. "खाशील ना ग?" एवढंच तिनं खिडकीतून विचारलं. मी हो म्हणाले. त्या 'हो'वर आम्हा तिघांपैकी कोणाचाच विश्वास नव्हता.

तुम्ही सगळे मला ओळखता, त्यामुळे जेवणाशी माझं कधी जमलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण माझ्यासारखे जे घर सोडून गेले, आणि ज्यांना परगावी गेल्यावर आईच्या हातच्या पिठल्याची आठवण येऊन रडू फुटलं, त्यांना हे खरं वाटणार नाही. मला कधीच तसं रडू आलं नाही. मला आई आठवायची, तिचे हात आठवायचे, पिठलं आठवायचं नाही. लोक म्हणतात पोटात कावळे ओरडतात. माझ्या पोटातले कावळे जन्मापासून मुके. लहानपणी ताटावर बसले की घास तोंडात तसाच फिरत राहायचा आणि आई विचारायची, "आवडलं का?" काय सांगायचं? वाईट लागायचं नाही. चांगलंही लागायचं नाही. आईसारख्या सुगरणीच्या पोटी मी कशी निपजले, याचं कोडं नातेवाईक दर लग्नात नव्यानं सोडवत. आईला वाटे आपल्याच हाताला चव नाही. हे मात्र मला फार लागायचं, कारण ते खोटं होतं आणि खरं काय ते मला सांगता येत नव्हतं.

तेव्हा बडोद्याच्या आसपास नवे कारखाने उभे राहत होते, जुने मोठे होत होते, आणि केमिस्ट्री शिकलेल्या मुलीला लॅबमध्ये घेणारे लोक भेटू लागले होते. घरातली मी पहिलीच मुलगी, जी नोकरीसाठी एकटी बाहेर पडली. राहायला जागा मिळाली समा भागातल्या एका सोसायटीत, निर्मलाकाकूंकडे. काकूंच्या सासरचे लोक पिढ्यांपूर्वी बडोदा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि तिथलेच झाले. काका गेलेले, मुलगी सुरतेला दिलेली, म्हणून त्या पेइंग गेस्ट ठेवत. मराठी ऐकून मी निर्धास्त झाले, पण पहिल्याच वाक्याला गोंधळले. "बेटा, हात धुऊन घे ने, रसोई तैयार आहे. शाकमध्ये तिखट नाखलं नाही, तुला ठीक पडेल." भाजीत तिखट घातलं नाही, हा अर्थ कळला, पण मिरजेत असं कुणी बोललं असतं तर आम्ही हसून लोळलो असतो.

त्याहून मोठा गोंधळ जिन्यात झाला. सोसायटीतल्या बायका भेटल्या की विचारत, "जमी लीधुं?" म्हणजे जेवलीस का. मी सरळ मनाची. खरं ते सांगायचे, "ना." ते नुसतं 'कसं काय' विचारणं होतं, आपण 'काय म्हणताय' म्हणतो तसं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासात दाराशी झाकलेली ताटली यायची. एका घरून ढोकळा, दुसऱ्या घरून खिचडी-कढी. जी मुलगी एका ताटाला घाबरून पळत होती, तिच्यापुढे तीन ताटं. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना ना काय सांगतेस? लोकांना वाटेल मी तुला भुकी ठेवते!"

मग मी सगळ्यांना 'हो' सांगायला लागले. पण काकूंपुढे ते चालणार नव्हतं. त्या गरम फुलके करून वाढायच्या आणि समोरच बसायच्या. डोळे माझ्या ताटावर. तूप लावलेला एक फुलका संपत आला की दुसरा पडायचा. "आटलंच? एक हजु घे." म्हणजे एवढंच? अजून एक घे. आईचं "आवडलं का?" आणि काकूंचं "एक हजु" यांच्यामध्ये माझा घसा बंद व्हायचा. खरंच बंद व्हायचा, नाटक नव्हे. वरणात गूळ होता म्हणून नव्हे, तिखट कमी होतं म्हणूनही नव्हे. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे आशेनं बघतोय, हेच गिळवत नसे.

एके दिवशी मला युक्ती सुचली. म्हटलं, "काकू, आज माझा उपवास आहे." काकूंचा चेहरा खुलला. आजकालच्या मुलींत हे कुठे राहिलंय, वगैरे. त्या दिवशी आग्रह झाला नाही. मग मी सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी धरली, आणि कंटाळा आला की एखादी एकादशी मधेच उपटायची. लॅबमध्ये डबा उघडायचा नसला की तिथेही उपवास. अन्न टाळण्याची इतकी पवित्र सोय दुसरी नसेल. आपण फार हुशार आहोत असं मला वाटायचं.

कपडे सैल होऊ लागले, तेव्हा मला बाबांचं तिकीट आठवलं. दिवाळी जवळ येत होती. एका दुपारी लॅबमध्ये हातात पिपेट असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी स्टुलाला धरून खाली बसले. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली. "भूक लागते का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ती कशी असते, तेच मला नीट कळत नाही." मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "मग तिची वाट बघत बसू नका. तुम्ही प्लँटमधून सॅम्पल घेता ना? प्लँटला इच्छा झाली की घेता का?"

मी चक्रावून घरी आले. सॅम्पल ठरलेल्या वेळेला घ्यायचं असतं, त्यात आवडीनिवडीचा काय संबंध? पण जेवणातही तो नसतो, असं मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जेवण म्हणजे सगळी आवडच. मी गोंधळून विचार करत राहिले, की गेल्या महिन्याभरात मी खरोखर पोटभर कधी जेवले? आणि जे आठवलं, त्यानं माझी मलाच लाज वाटली आणि हसूही आलं. मी उपवासाच्या दिवशी जेवत होते.

उपवासाला काकू एक लहानशी ताटली वाढायच्या. वरीचा भात, दाण्याची आमटी, उकडलेल्या बटाट्याची भाजी, वाटीभर दही. दर वेळी तेच. संध्याकाळी दिवा लावून झाला की लगेच. उपवासाचं आहे म्हणून "एक हजु" नाही. आवडलं का, हा प्रश्नच नाही, कारण उपवासाचं कोणी आवडीसाठी खात नाही. आणि काकू समोर बसायच्या नाहीत. माझ्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. ती ताटली मी प्रत्येक उपवासाला चाटूनपुसून संपवत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी काकूंना सगळं सांगायचं ठरवलं. धाडस करून म्हटलं, "काकू, माझे ते उपवास..." त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "बेटा, तुझा गुरुवार कोई कोई वेळा मंगळवारी येतो. मी कॅलेंडर बघते ने!" मग त्या गंभीर झाल्या. "मी काय करू? उपासाच्या नावानं तरी तू काही पोटात नाखतेस. म्हणून मी गप बसली."

मी म्हटलं, रोजच मला उपवासासारखं वाढाल का? अन्न साधं, रोजचं. पण ताटली तीच, वेळ तीच, आणि तुम्ही पाठ करून बसा. काकूंना हे मुळीच पटलं नाही. पाहुण्याकडे पाठ करून बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अपमानच. पण त्या तयार झाल्या. एक फुलका, मुगाची किंवा तुरीची डाळ, एक भाजी, दही. आठवडा आठवडा तीच भाजी चालायची मला. मला विविधतेची हौस नाही, हा माझा दोष नसून सोय आहे, हे तेव्हा कळलं. लॅबमध्ये सकाळचं सॅम्पल लावून झालं की मूठभर दाणे आणि गुळाचा खडा, दुपारचं लावून झालं की केळं. सकाळी बसच्या आधी ठेपला आणि दही. भूक लागली का, हे मी स्वतःला विचारणंच बंद केलं.

मला अन्न आवडायला लागलं, असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं काही झालं नाही. अंधारी मात्र येईनाशी झाली. हे बरं होणं म्हणायचं की नुसती शिस्त, ते मला उमगत नव्हतं. आणि कपडे अजून सैलच होते.

बाबा आले ते सकाळच्या गाडीनं. मी स्टेशनवर घ्यायला गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि फलाटावरच्या वजनाच्या यंत्राकडे बोट केलं. तसंच लुकलुकणारं यंत्र. मी चढले. बाबांनी नाणं टाकलं. दिवे लागले, चक्र फिरलं, आत काहीतरी खडखडलं आणि थांबलं. तिकीट आलं नाही. बाबांनी दुसरं नाणं टाकलं. तेही गेलं. त्यांनी यंत्राला दोन थापा मारल्या, वाकून फटीत पाहिलं. मी वर उभीच. माझं बडोद्याला राहणं न राहणं त्या फटीत अडकलेलं होतं.

माझी नजर घड्याळाकडे गेली. "बाबा, माझी खायची वेळ झालीय," मी म्हटलं.

बाबांनी यंत्रावरचा हात काढून घेतला. हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. स्टेशनजवळ सयाजीगंजमध्ये एका साध्या हॉटेलात आम्ही बसलो. त्यांनी सेव-उसळ मागवली, मी ठेपला आणि दही. मी खायला लागले. बाबांची उसळ गार होत होती, त्यांचं लक्ष माझ्या ताटलीवर. पण वेळेवर खायची सवय झाली होती. माझा घसा बंद झाला नाही. शेवटचा तुकडा संपवून मी हात धुऊन आले.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग संपवलंस कसं?"

"वेळ झाली होती म्हणून."

बाबांनी पाकिटातून मिरजेचं ते तिकीट काढलं. उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "परदेशगमनाचा योग आहे म्हणे तुला," ते म्हणाले. "हाच असेल." दोन दिवस राहिले, काकूंच्या हातचं भरपूर जेवले आणि एकटेच परत गेले. माझं वजन त्या दिवशी किती होतं, ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, बडोद्यातच हरणीला घर झालं. काकू गेल्या, बाबाही गेले. मला मिरजेचे लोक विचारतात, तुझं घर कुठलं ग? मी गोंधळते. मिरजेला माझ्या पुढ्यात ठेवलेलं सगळं मला आवडावं म्हणून एक बाई जिवाचं रान करत होती, आणि मी तिला कधी हो म्हणू शकले नाही. बडोद्यानं मला आवडलं का हे विचारलंच नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. प्रेम कुठे जास्त होतं, असं विचाराल तर मिरजेला. पण जगायला मी इथे शिकले. घर यातलं कुठलं म्हणायचं, मला अजून ठरवता येत नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. तिची चव गेली आहे. ती सुगरण बाई आता घास तोंडात घेऊन भिंतीकडे बघत बसते. माझा नवरा प्रेमानं तिच्यासमोर बसून "आई, एकच घास" म्हणतो आणि तिचे ओठ मिटतात. ते मिटलेले ओठ मला ओळखीचे आहेत.

मी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं. लहान ताटलीत मऊ भात, मुगाचं वरण, दही वाढलं. कालचंच, परवाचंच. दिवा लावून झाला होता.

"भूक नाही, तर कशाला खायचं ग?" आईनं विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मलाही माहीत नाही, आई," मी म्हटलं. "वेळ झालीय."

ताटली तिच्यासमोर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून मी तुरीच्या शेंगा सोलायला बसले. चार-पाच शेंगा सोलून झाल्या. मग वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.