उरलेल्या पत्रिका

परंदवडीत माझ्या शेजारी राहणाऱ्या फिटरना सगळे भाऊच म्हणतात. माझ्या जुन्या मोटारसायकलखाली तेलाचा डाग दिसला, की न बोलावता पाने घेऊन अंगणात हजर. आधी इंजिनावर तळहात ठेवतात, ताप बघतात तसा.

परवा त्यांनी इंजिनाचं छोटं झाकण उघडलं. आतलं, फटीतून तेल गळू न देणारं कागदी गॅस्केट फाटलं होतं.

"तळेगावातून नवं आणू का, भाऊ?"

"कशाला, सर? हाय की माज्याकडं."

त्यांनी खिशातून लग्नाची जाड पत्रिका काढली. कोपऱ्यातलं हळदीकुंकू काळं पडलेलं. झाकणावर ती फिरवून फिरवून नवरदेवाचं नाव बरोबर कडेच्या पट्टीवर आणलं आणि हातोडीने हलकं ठोकत कडेकडेने गॅस्केट कापलं. नावाचं एक अक्षरही तुटू दिलं नाही.

"कुणाची पत्रिका?"

"पोराची. वाटायला गाडीवर गेलता, घाटातच ऱ्हायला. लय उरल्यात."

झाकण आवळून त्यांनी किक मारली, कान लावला. तेलाचा थेंब नाही.

"बसला," ते समाधानाने म्हणाले. मी गाडीवर बसलो, तसे जवळ येऊन हळूच बोलले, "सावकाश जावा दोघं."

गाडीवर मी एकटाच होतो.